व्हॉल्व्ह का अडकला, हा दुसरा प्रश्न

अणुवीज केंद्रातला एखादा रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे दाब वाढला की उघडून तो उतरवणारी झडप, उघडाच अडकून राहिला अशी बातमी आली, की वादाचे दोन फड लगेच उभे राहतात. एका फडात यंत्र आरोपी असते: व्हॉल्व्ह निकृष्ट, देखभाल ढिसाळ. दुसऱ्यात माणूस आरोपी असतो: ऑपरेटरला समोरचा आकडा वाचता आला नाही. 1979 च्या थ्री माइल आयलंड अपघातापासून हा वाद जागचा हललेला नाही, कारण दोन्ही बाजू मुळात एकाच गोष्टीवर सहमत आहेत. तपास म्हणजे कारण शोधणे, आणि कारण सापडले की फाइल बंद, हे दोघांनीही गृहीत धरले आहे. हे गृहीतच चुकीचे आहे. अडकलेल्या व्हॉल्व्हच्या तपासाची खरी कसोटी दुसरी आहे: तो उघडा आहे हे नियंत्रण कक्षातल्या माणसांना कशावरून आणि किती वेळात कळले, आणि त्यातून मिळालेला धडा त्याच बनावटीच्या दुसऱ्या केंद्रात वेळेवर पोहोचला का? विधान धाडसी वाटेल, पण अणुऊर्जेच्या इतिहासात कारण अचूक सापडूनही वाया गेलेला तपास आहे, आणि व्हॉल्व्हला हातही न लावता उपयोगी ठरलेला तपासही आहे. दोन्हींमध्ये जेमतेम दोन वर्षांचे अंतर आहे.

पहिला तपास अमेरिकेतल्या ओहायो राज्यातला, डेव्हिस-बेस केंद्रातला. 24 सप्टेंबर 1977 रोजी तिथली अणुभट्टी अवघ्या 9 टक्के क्षमतेवर चालू होती. प्रेशरायझरच्या, म्हणजे भट्टीतल्या पाण्याचा दाब राखणाऱ्या भांड्याच्या, माथ्यावरचा रिलीफ व्हॉल्व्ह उघडला, अनेकदा धडाधड उघडमीट झाला आणि शेवटी उघडाच राहिला. ऑपरेटरांना ते कळायला सुमारे 20 मिनिटे लागली. मग त्यांनी त्याच्या वाटेवरचा ब्लॉक व्हॉल्व्ह बंद केला आणि प्रकरण मिटले. इंधनाला धक्का लागला नाही. कारणही सापडले: नियंत्रण मंडलातला एक रिले, म्हणजे विजेवर चालणारा खटका, जागेवर नव्हताच, त्यामुळे व्हॉल्व्ह थडथडत राहिला. दुरुस्ती झाली, केंद्र सुरू झाले. कारण शोधणे हाच तपासाचा हेतू असेल, तर हा तपास आदर्श म्हणावा लागेल.

पण त्या 20 मिनिटांत आणखी एक गोष्ट घडली होती. दाब उतरल्यावर भट्टी थंड ठेवण्यासाठी आपोआप सुरू झालेले उच्चदाबाचे पाणी ऑपरेटरांनी स्वतःच्या हाताने रोखले होते, कारण प्रेशरायझरमधली पाण्याची पातळी वर चढत होती. अणुभट्टी बनवणाऱ्या बॅबकॉक अँड विल्कॉक्स कंपनीतल्या बर्ट डन या अभियंत्याला यातला धोका दिसला. फेब्रुवारी 1978 मध्ये त्याने अंतर्गत टिपणात लिहिले, की हेच जास्त क्षमतेवर घडले असते तर गाभा, म्हणजे भट्टीतला इंधनाचा भाग, उघडा पडून इंधनाचे नुकसान होण्याची शक्यता होती. उपायही त्याने नेमका सांगितला: पाणी उकळण्याच्या तापमानापेक्षा किमान 50 अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे 28 अंश सेल्सिअसने थंड आहे याची खात्री झाल्याशिवाय हे पाणी सोडणारे पंप बंद करू नयेत. टिपण कंपनीतच या विभागातून त्या विभागात फिरत राहिले. प्रेशरायझर काठोकाठ भरला तर काय, अशी एक शंका कोणी काढली. तिला उत्तर कोणी दिले नाही. केंद्रांना सूचना गेली नाही. रिले सापडला होता, मग घाई कशाची?

28 मार्च 1979. पेनसिल्व्हेनियातले थ्री माइल आयलंड केंद्र, दुसरे युनिट, बनावट बॅबकॉक अँड विल्कॉक्सचीच, क्षमता 97 टक्के, पहाटेचे 4. पाणीपुरवठा खंडित होऊन टर्बाइन बंद पडले. 3 सेकंदांत, दाब सुमारे 155 बारवर जाताच, तिथलाही प्रेशरायझरच्या माथ्यावरचा व्हॉल्व्ह उघडला. आठव्या सेकंदाला अणुभट्टी बंद झाली. तेराव्या सेकंदाच्या सुमारास व्हॉल्व्ह मिटायला हवा होता. मिटला नाही. साडेचार मिनिटांच्या आसपास ऑपरेटरांनी उच्चदाबाचे पाणी जवळजवळ तोडले, डेव्हिस-बेसमध्ये तोडले होते त्याच कारणासाठी. ब्लॉक व्हॉल्व्ह बंद व्हायला 142 मिनिटे लागली. तोवर 1,20,000 लिटरच्या आसपास शीतक पाणी निघून गेले होते आणि पुढे गाभ्याचा जवळजवळ अर्धा भाग वितळला.

आता कालक्रम पाहा. या अपघाताची चौकशी करणाऱ्या केमेनी आयोगाचा अहवाल ऑक्टोबर 1979 च्या अखेरीस आला. दुर्घटनेनंतर माणसे त्या युनिटच्या कंटेनमेंट इमारतीत, म्हणजे भट्टीभोवतीच्या बंदिस्त इमारतीत, पहिल्यांदा शिरली ती जुलै 1980 मध्ये. म्हणजे आयोगाने निष्कर्ष लिहिले, नियामकाने बदलांची यादी काढली, तेव्हा तो व्हॉल्व्ह कोणी डोळ्यांनी पाहिलेलाही नव्हता. तरीही जे बदल झाले ते बिनचूक होते: व्हॉल्व्हची प्रत्यक्ष स्थिती दाखवणारी उपकरणे, पाणी उकळण्यापासून किती दूर आहे हे सतत दाखवणारे मीटर, पंप कधी थांबवावेत याचे नवे नियम, एका केंद्रातली घटना दुसऱ्यांना कळवण्याची यंत्रणा. या बनावटीच्या भट्ट्यांमध्ये व्हॉल्व्ह उघडण्याचा दाब सुमारे 169 बारपर्यंत चढवला आणि अणुभट्टी बंद होण्याचा दाब 159 च्या आसपास उतरवला, म्हणजे आधी भट्टी थांबेल, व्हॉल्व्हला उघडायची पाळीच क्वचित येईल. व्हॉल्व्ह का अडकला याचे उत्तर यांपैकी कशालाही लागले नाही.

पातळी वर का चढते, हे इथे सांगायला हवे, कारण सगळा वाद त्या एका काट्याभोवती फिरतो. प्रेशरायझर हे या संपूर्ण मंडलातले एकमेव भांडे, जिथे पाण्याच्या वर मुद्दाम वाफ ठेवलेली असते. गळती त्याच्या माथ्यातून असेल तर आधी ती वाफ जाते, दाब कोसळतो. साधारण 305 अंश सेल्सिअसचे पाणी द्रव राहायला सुमारे 92 बार दाब लागतो. दाब त्याखाली गेला की गाभ्यातले आणि नळ्यांमधले पाणी जागच्या जागी उकळू लागते. त्या वाफेचे बुडबुडे जागा मागतात आणि उरलेले पाणी वर प्रेशरायझरमध्ये ढकलतात. म्हणजे मंडल रिकामे होत असताना काटा ‘भरले, भरले’ म्हणत राहतो. आणि प्रशिक्षणात बिंबवले काय होते? प्रेशरायझर कधीही पूर्ण भरू द्यायचा नाही. नळी इतरत्र फुटली तर पातळी आणि दाब दोन्ही उतरतात, आणि तेवढेच प्रशिक्षणात शिकवले होते. माथ्यातून होणाऱ्या गळतीत ते एकमेकांच्या उलट जातात, हे शिकवलेच नव्हते.

आता विरुद्ध बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा. व्हॉल्व्ह का अडकला हे शोधणार नसाल तर तो पुन्हा अडकेल. काटे, मीटर, नियम ही सगळी नंतरची सारवासारव. हे खरे आहे, आणि यंत्राचा तपास कसोशीनेच व्हायला हवा. पण तो बहुधा इतका घाईने होतो, की त्यातले पुरावेच नष्ट होतात. थ्री माइल आयलंडसारख्या व्हॉल्व्हची रचना पाहा. सोलेनॉइडला, म्हणजे विद्युतचुंबकाच्या वेटोळ्याला, वीज मिळाली की तो एक तरफ दाबतो. तरफेने छोटा पायलट व्हॉल्व्ह उघडतो. मुख्य चकतीमागच्या पोकळीतला दाब निसटतो. आणि प्रेशरायझरच्याच वाफेचा जोर मुख्य चकती उघडतो. बंद होताना वीज जाते, स्प्रिंग पायलटला बसवते, पोकळीत पुन्हा दाब साठतो, चकती जागेवर येते. या साखळीतली कुठलीही कडी अडू शकते. प्राथमिक पाण्यात बोरिक आम्ल असते. बारीक गळती असेल तर पाणी उडून जाते आणि तरफेवर, पायलटच्या दांड्यावर स्फटिक जमतात. अमेरिकेतल्या ओकोनी केंद्रात 1975 मध्ये व्हॉल्व्ह उघडा राहिला त्यात असे स्फटिक आणि तापून फुगलेल्या भागांचे घर्षण ही कारणे निघाली. पायलटच्या दांड्याला मार्गिकेत जागा कमी पडते, बारीक छिद्र बुजते, स्प्रिंग थकते, रिले चिकटतो किंवा जागेवरच नसतो. वाफेसाठी बनवलेल्या व्हॉल्व्हमधून पाणी गेले तर चकतीवर वेगळेच जोर येतात.

यातली कुठली कडी अडली हे ओळखायचे तर पहिला नियम एकच: व्हॉल्व्ह चालवून पाहू नका. चाचणी म्हणून केलेली एक उघडमीट स्फटिक झाडून टाकते, चिकटलेला दांडा सोडवते, आणि मग अहवालात ‘तपासणीत व्हॉल्व्ह व्यवस्थित चालला’ असे वाक्य येते. हे वाक्य दिसले की समजावे, पुरावा गेला. आधी नोंदी गोळा करायच्या: दाब, पातळी, टेलपाइपचे (व्हॉल्व्हनंतरच्या नळीचे) तापमान, ड्रेन टँकचा (ती वाफ जिथे जाते त्या टाकीचा) दाब, अलार्म प्रिंटरचे कागद. (थ्री माइल आयलंडला हा प्रिंटर 2 तासांहून अधिक मागे पडला होता, त्या वेळी काय घडतेय हे त्यावरून कोणालाच कळले नसते.) मग आहे त्या स्थितीत छायाचित्रे, कॉइलचा रोध, टर्मिनलवर प्रत्यक्ष किती व्होल्ट पोहोचतात, कपाटातले रिले आराखड्याशी जुळतात का. मग व्हॉल्व्ह कुठल्या बाजूला तोंड करून होता हे खुणेने टिपून, तोंडे झाकून काढायचा आणि सुटा करण्याआधी वाफेच्या चाचणीपीठावर न्यायचा: किती दाबाला उघडतो, किती दाबाला बसतो, बसल्यावर किती गळतो. सुटा करायचा तो यानंतर. साचलेल्या थरांचे नमुने, दांडा-मार्गिकेतली फट, स्प्रिंगची मोकळी लांबी, चकती जिथे टेकते त्या आसनावर वाफेने कापलेल्या रेषा. त्याच केंद्रातला त्याच जातीचा दुसरा व्हॉल्व्हही काढून शेजारी ठेवायचा, नाहीतर दिसतेय ती झीज दोषाची की वयाची, हे कळणार कसे? 9 जून 1985 रोजी डेव्हिस-बेसमध्ये पुन्हा मोठी घटना झाली, तेव्हा नियामकाच्या पथकाने बिघडलेली उपकरणे ‘जैसे थे’ ठेवायला लावली आणि आधी लेखी योजना, मग हात, अशी शिस्त घातली. ही शिस्त दुर्घटनेपुरती राखून ठेवायची नसते.

एवढे करूनही हाती काय येते? एका व्हॉल्व्हच्या एका अडकण्याचे कारण. थ्री माइल आयलंडच्या आधी बॅबकॉक अँड विल्कॉक्सच्या केंद्रांत हे व्हॉल्व्ह किमान 11 वेळा बिघडले होते, त्यातले 9 वेळा उघड्या स्थितीत. कारणे मात्र एक नव्हती: कुठे स्फटिक, कुठे रिले, कुठे वीजपुरवठा. प्रत्येक वेळी कारण सापडून दुरुस्त झाले असते तरी पुढचा व्हॉल्व्ह नव्या कारणाने अडकायला मोकळाच होता. उघडा राहणे हा या जातीच्या यंत्राचा अपेक्षित बिघाड आहे. ब्लॉक व्हॉल्व्ह दिला आहे तो त्याच भीतीने. मग मोजायचे काय? ब्लॉक व्हॉल्व्हपर्यंत हात पोहोचायला लागलेली मिनिटे.

इथे दुसरा फड पुढे येतो: मिनिटे वाढली ती माणसांमुळे. मुद्दा दुबळा नाही. 1974 मध्ये स्वित्झर्लंडच्या बेझनाऊ केंद्रात असाच व्हॉल्व्ह अडकला आणि तिथल्या ऑपरेटरांनी 2-3 मिनिटांत वाट बंद केली. थ्री माइल आयलंडला टेलपाइपचा तापमापक होता, त्यावर सुमारे 140 अंश सेल्सिअस दिसत होते, आणि 93 च्या वर गेले तर व्हॉल्व्ह उघडा समजून ब्लॉक व्हॉल्व्ह बंद करा असे कार्यपद्धतीत लिहिलेले होते. आणखी काय हवे?

हवे होते ते हे, की त्या आकड्याने उघडा आणि बंद यांतला फरक सांगावा. व्हॉल्व्ह कित्येक महिने बारीक गळत होता, त्यामुळे टेलपाइप रोजच 80-90 अंशांवर असायचा. लेखी मर्यादा रोजच्या वागण्याला इतकी खेटली होती की तिचा धाक उरला नव्हता. शिवाय 345 अंशांची वाफ बाहेर पडतेय तर पाइप किती तापेल? बहुतेक माणसे म्हणतील, तीनशेच्या घरात. पण 155 बारवरून सुटलेली वाफ टेलपाइपमध्ये 3-4 बारवर येते आणि तिचे तापमान त्या दाबाच्या उत्कलनबिंदूपाशी, म्हणजे 140 च्या आसपासच थांबते. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असला तरी तापमापक त्यापुढे फारसा जाणार नव्हता. ज्याला हे माहीत नाही त्याला 140 हा आकडा ‘मघाशी क्षणभर उघडला होता, आता निवतोय’ असा वाटणे स्वाभाविक आहे. ड्रेन टँकचा दाब चुगली करू शकला असता. त्याचा मीटर मुख्य पॅनेलच्या मागच्या बाजूला होता.

आणि तो दिवा. जेमतेम एक वर्ष आधी, 29 मार्च 1978 रोजी, याच युनिटमध्ये वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने हाच व्हॉल्व्ह उघडला होता आणि तो उघडा आहे हे दाखवणारे काहीच पॅनेलवर नव्हते. त्यावर उपाय म्हणून दिवा बसवला गेला. पण दिवा जोडला तो सोलेनॉइडच्या विजेला. वीज गेली की दिवा विझे. चकती बसली की नाही याच्याशी त्याचा संबंधच नव्हता. 28 मार्चला आज्ञा सुटली, दिवा विझला, व्हॉल्व्ह उघडाच राहिला. म्हणजे मागच्या घटनेचा तपास झाला होता, त्यातून सुधारणाही झाली होती, आणि त्या सुधारणेनेच ऑपरेटरांना खोटे सांगितले. ‘मानवी चूक’ म्हणणाऱ्यांनी यातला कोणता मानव ते ठरवावे.

शिवाय वेगवेगळ्या राज्यांतल्या, एकमेकांना न ओळखणाऱ्या दोन तुकड्यांनी दीड वर्षाच्या अंतराने हुबेहूब तीच चूक केली, तर ती चूक त्यांची कशी? दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी बी-17 विमानांचे वैमानिक उतरल्यावर फ्लॅपऐवजी चाकेच आत घेत आणि विमान पोटावर बसे. अहवालात ‘वैमानिकाची चूक’ असा शेरा पडे. अल्फोन्स चॅपनिस या मानसशास्त्रज्ञाने कॉकपिट पाहिले: दोन्ही खटके शेजारी आणि एकसारखे. त्याने एकाला चाकाचा आकार दिला, दुसऱ्याला फ्लॅपचा, आणि ही चूक होईनाशी झाली. वैमानिक तेच होते.

जबाबदारीचे काय, हा प्रश्न उरतोच, आणि तो टाळणे अप्रामाणिकपणा ठरेल. केंद्र चालवणाऱ्या मेट्रोपॉलिटन एडिसन कंपनीवर अपघातापूर्वीच्या गळती-चाचण्यांबद्दल फौजदारी खटला झाला आणि 1984 मध्ये कंपनीने एका आरोपात गुन्हा कबूल केला. ते योग्यच झाले. गळतीच्या नोंदीशी खेळ हा गुन्हाच आहे आणि त्याची जागा न्यायालयात आहे. पण तांत्रिक तपासाच्या टेबलावर शिक्षा आणून ठेवली की माणसे ‘मी हा आकडा पाहिला आणि दुर्लक्ष केले’ हे सांगायचे थांबतात, आणि कुठला काटा कोणी पाहिला, कुठला नाही, हे त्यांनी सांगितल्याशिवाय कळायचा दुसरा मार्ग नाही. म्हणून ऑपरेटरांशी एकेकट्याने, आलेख दाखवण्याआधी बोलायचे असते. आलेख पाहिल्यावर प्रत्येकाला सगळे आधीपासून ठाऊक असते.

धडा पोहोचतो तेव्हा काय होते, याचीही उदाहरणे आहेत. जानेवारी 1982 मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या गिने केंद्रात वाफजनित्राची नळी फुटली. दाब उतरवण्यासाठी ऑपरेटरांनी स्वतःच वापरलेला रिलीफ व्हॉल्व्ह मिटला नाही. ब्लॉक व्हॉल्व्ह लगेच बंद झाला. 1985 मध्ये, त्याच डेव्हिस-बेसमध्ये, व्हॉल्व्ह तिसऱ्या उघडण्यानंतर नीट बसला नाही. ऑपरेटरने खबरदारी म्हणून ब्लॉक व्हॉल्व्ह बंद केला. व्हॉल्व्ह अजूनही अडकतच होते. अडकण्याचा परिणाम तेवढा बदलला होता.

शेवटचा आक्षेप पैशांचा: इंधनाला धक्का नाही, किरणोत्सार बाहेर नाही, अशा किरकोळ घटनेसाठी केंद्र थांबवून एवढा खटाटोप परवडतो का? 11 सप्टेंबर 1995 रोजी पेनसिल्व्हेनियातल्या लिमरिक केंद्राच्या पहिल्या युनिटमध्ये, पूर्ण क्षमतेवर असताना, एक सेफ्टी रिलीफ व्हॉल्व्ह उघडला आणि मिटेना. ही उकळत्या पाण्याची भट्टी. इथे वाफ सप्रेशन पूल नावाच्या प्रचंड हौदात जाते. ऑपरेटरांनी भट्टी बंद केली, हौद थंड करणारे पंप चालू ठेवले, सारे नियमाप्रमाणे. कारणही साधे निघाले: आधीपासून गळणाऱ्या पायलटचे आसन वाफेने कापले गेले होते. तिथे फाइल बंद करता आली असती. पण सुमारे अर्ध्या तासाने एका पंपाचा प्रवाह आणि विजेचा भार डळमळू लागला होता, आणि तपास करणाऱ्यांनी तो धागा सोडला नाही. पाणबुडे हौदात उतरले. पंपाच्या तोंडाच्या गाळणीवर तंतू आणि गाळ यांचा पातळ थर बसला होता; हौदातून पुढे सुमारे 635 किलो कचरा निघाला. तीन वर्षांपूर्वी स्वीडनच्या बार्सेबेक केंद्रात उघडलेल्या सेफ्टी व्हॉल्व्हच्या वाफेने नळ्यांवरचे खनिज लोकरीचे आवरण फाडून गाळण्या तुंबवल्या होत्या आणि त्यावरून स्वीडनमधल्या पाच अणुभट्ट्या सुधारणांसाठी बंद ठेवल्या गेल्या होत्या. लिमरिकला आवरण फाटलेलेसुद्धा नव्हते. हौदात आधीच पडून असलेली घाण पुरेशी ठरली. मोठ्या अपघातात गाभा थंड ठेवणारे पंप याच हौदातून पाणी ओढतात. अमेरिकी नियामकाने सुमारे सव्वा महिन्यात सर्व संबंधित केंद्रांना हौद आणि गाळण्या तपासायला सांगितले, आणि 1996 मध्ये गाळण्या तुंबण्यावर कायमचा उपाय करायला लावला. त्यानंतर अमेरिकेतल्या उकळत्या पाण्याच्या भट्ट्यांमध्ये कितीतरी मोठ्या गाळण्या बसल्या.